पंप की सेमी? इंदूरमध्ये स्वतःचा पेंटबॉल मार्कर घेण्याआधी

भाड्याच्या मार्करला, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या गॅसवरच्या बंदुकीला, कंटाळून स्वतःचा घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहिलं आहे. बॅरलमध्ये, म्हणजे नळीत, आधीच्या माणसाचा रंग वाळलेला, चाप ढिला, हॉपरचं, म्हणजे गोळ्यांच्या डब्याचं, झाकण रबरबँडने अडकवलेलं. असे चार रविवार गेले की कुणालाही वाटतं, आपला असता तर बरं. मग पहिला प्रश्न येतो: पंप घ्यायचा की सेमी-ऑटोमॅटिक?

याची जी उत्तरं सहज सापडतात ती बहुतेक अमेरिकेतली असतात. तिथे माणूस २००० गोळ्यांचा खोका गाडीत टाकून मैदानावर जातो आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर तिथेच असतो. आपल्याकडे बायपासच्या पलीकडच्या मैदानांवर गोळ्या ५०-१०० अशा मोजून मिळतात आणि गॅस भरणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो. म्हणून आधी गोळी, मग गॅस आणि सगळ्यात शेवटी मार्कर, या क्रमाने जा. बहुतेक जण उलटं जातात आणि आठ हजारांची असो की तीस हजारांची, वस्तू माळ्यावर पडून राहते.

दोघांत नेमका फरक काय

पंप मार्करमध्ये बॅरलखाली एक सरकती मूठ असते. ती मागे ओढली की बोल्ट मागे जातो, आतला हॅमर स्प्रिंग दाबून अडकतो आणि हॉपरमधून एक गोळी खाली पडते. मूठ पुढे ढकलली की बोल्ट ती गोळी बॅरलमध्ये नेऊन बसवतो. चाप ओढल्यावर हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो आणि गॅसचा एक फटका सुटतो. पुढच्या गोळीसाठी हे सगळं पुन्हा हाताने.

यांत्रिक सेमीमध्ये त्याच फटक्यातला थोडा गॅस मागे वळून हॅमरला परत अडकवतो. पहिल्यांदा मागचा खटका हाताने ओढायचा, नंतर फक्त चाप. एकदा ओढला की एक गोळी. आणखी एक प्रकार इलेक्ट्रॉनिक सेमीचा. त्यात बॅटरी, सर्किट आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) असतं, कार्बन डायऑक्साइड त्याला अजिबात चालत नाही, हॉपरही मोटर असलेला लागतो. पहिल्या खरेदीत त्याच्या वाटेला जाऊ नका.

'पंप जास्त अचूक असतो' हे हमखास ऐकायला मिळेल. तीच गोळी, तेच बॅरल आणि तोच वेग असेल तर दोघांची गोळी तितकीच सरळ किंवा तितकीच वाकडी जाते. पंपवाला अचूक दिसतो कारण दुसरी गोळी लगेच सुटणार नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो पहिलीच नीट नेम धरून मारतो. ही सवय सेमीवरही लागू शकते. बहुतेकांना लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

१. मैदानाला पाच प्रश्न विचारा

पैसे खिशातून काढण्याआधी, जिथे खेळणार आहात तिथे फोन करून विचारा:

- गोळी कुठल्या मापाची ठेवता, ०.६८ की ०.५०?
- स्वतःचा मार्कर आणलेला चालतो का?
- गोळ्या बाहेरून आणता येतात, की इथूनच घ्यायच्या?
- हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरून देता का? हवा असेल तर किती बार दाबापर्यंत?
- वेगाची मर्यादा किती, आणि ती मोजायला क्रोनोग्राफ आहे का?

पहिला प्रश्न सगळ्यात महागात पडतो. ०.६८ म्हणजे साधारण १७.३ मिलीमीटरची, ३ ग्रॅमची गोळी. ०.५० म्हणजे १२.७ मिलीमीटरची, वजनाला निम्म्याहून कमी, लागते कमी, म्हणून मुलांच्या आणि ऑफिसच्या सहलींसाठी मैदानं ती ठेवतात. पंप मार्कर जवळपास सगळे ०.६८ चे असतात. मैदान फक्त ०.५० ठेवत असेल आणि बाहेरची गोळी चालत नसेल, तर तुमचा नवा कोरा पंप तिथे काठी आहे, काठी.

क्रोनोग्राफ नसलेल्या मैदानावर स्वतःचा मार्कर घेऊन जाऊ नका. तुमचा वेग किती आहे हे तुम्हालाही कळणार नाही आणि समोरच्यालाही.

२. एका सकाळी किती गोळ्या उडवता ते मोजा

पुढच्या वेळी भाड्याचाच मार्कर घेऊन खेळा, पण सुरुवातीला किती गोळ्या घेतल्या आणि शेवटी किती उरल्या हे लिहून ठेवा. यांत्रिक सेमीवर नवखा माणूससुद्धा सेकंदाला चार-पाच गोळ्या आरामात सोडतो. म्हणजे ५० गोळ्यांचं पॅकेट सलग चाप ओढत राहिल्यास दहा-बारा सेकंदांत संपतं. मधले थांबे धरले तरी एका डावात जातंच. पंपावर सराव झालेला माणूस सेकंदाला एक गोळी सोडतो, तीही गरज पडली तर.

आता मैदानाचा १०० गोळ्यांचा दर घ्या आणि महिन्याच्या रविवारांनी गुणा. एका सकाळी ३०० गोळ्या लागत असतील आणि महिन्यातून दोनदा खेळत असाल तर वर्षाला ७,२०० गोळ्या होतात. पंपावर ८० गोळ्यांत सकाळ निघाली तर १,९२०. मार्करच्या किमतीतला फरक या हिशेबापुढे किरकोळ आहे.

गोळी जपून वापरणं म्हणजे कमी खेळणं नव्हे. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला. बारा जण होते आणि प्रत्येकाकडे झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवलेलं नेल-स्पॉट ००७ पिस्तूल होतं. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनाधिकारी. त्याने एकही गोळी झाडली नव्हती.

उलट बाजूही खरी आहे. दहा-बारा मित्रांचा गट असेल, सगळ्यांकडे सेमी असतील आणि तुमचं काम पुढे पळणाऱ्याला आडोसा देण्याचं असेल, तर पंप घेऊन तुम्ही गटाला उपयोगी पडणार नाही. समोरच्याचं डोकं खाली ठेवायला सतत गोळ्या लागतात आणि ते सेमीचं काम आहे.

३. गॅसचा प्रश्न सोडवा (मार्कर घेण्याआधी)

इंदूरमध्ये निर्णय फिरतो तो इथे. तीन वाटा आहेत.

*कार्बन डायऑक्साइडची टाकी.* टाकीत हा गॅस द्रवरूपात असतो, त्यामुळे त्याचा दाब किती गॅस उरला यावर नाही, तापमानावर ठरतो. १० अंशांना सुमारे ४५ बार, २० अंशांना ५७, ३० अंशांना ७२. ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही आणि दाब भराभर चढतो. आता आपलं वर्ष डोळ्यांपुढे आणा. जानेवारीत सकाळी सात वाजता १० अंश, मे महिन्यात दुपारी ४० च्या पुढे. जानेवारीच्या सकाळी बेताचा लावलेला मार्कर मे महिन्यात मर्यादा ओलांडून बसतो आणि मेमध्ये लावलेल्याची गोळी जानेवारीत अर्ध्या वाटेत माती खाते. प्रत्येक वेळी वेग नव्याने मोजावा लागतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत भरलेली टाकी ठेवली तर सेफ्टी डिस्क फुटून सगळा गॅस निघून जातो. डिस्क तिचं काम करते, तुमचा रविवार मात्र गेला.

दुसरी अडचण वेगाने मारण्याची. द्रवाचा वायू होताना टाकी थंड पडते. सेमीवर लागोपाठ वीस-तीस गोळ्या सोडल्या की टाकीवर दव दिसायला लागतं, दाब उतरतो, गोळ्या आखूड पडतात. टाकी आडवी-तिरपी झाली तर द्रवच मार्करमध्ये शिरतो आणि ओ-रिंग, म्हणजे सांध्यांतल्या रबरी कड्या, खराब करतो. पंप थांबून थांबून मारतो, टाकीला पुन्हा गरम व्हायला वेळ मिळतो, म्हणून हा गॅस त्याला जास्त मानवतो.

भरून घ्यायचा तर अग्निशामक यंत्र भरणारे आणि सोडावॉटरवाले यांच्याकडे हा गॅस असतो, पण तीन गोष्टी बघितल्याशिवाय टाकी त्यांच्या हातात देऊ नका. एक, त्यांच्याकडे पेंटबॉल टाकीच्या आट्याचा, म्हणजे ०.८२५ इंच व्यासाचा, इंचाला १४ आटे (थ्रेड) असलेला, योग्य जोड आहे का. दोन, टाकी वजनाने भरतात का. २० औंसांच्या टाकीत जास्तीत जास्त ५६७ ग्रॅम गॅस जातो, १२ औंसांच्या टाकीत ३४० ग्रॅम. रिकामी टाकी काट्यावर ठेवा, भरल्यावर पुन्हा ठेवा, फरक बघा. तीन, टाकीवर शेवटच्या दाबचाचणीची तारीख कोरलेली आहे का. 'बसवून देतो ना भिया, कशाला टेन्शन' असं म्हणत कुणी टेप गुंडाळलेला जोड काढला तर टाकी उचलून चालू पडा.

*दाबलेली हवा.* ही सगळ्यात चांगली. टाकीच्या तोंडावर रेग्युलेटर असतो, तो साधारण ८०० पीएसआय दाब एकसारखा सोडतो, जानेवारी असो की मे. टाकीवर ४८/३००० असं लिहिलेलं असतं, म्हणजे ४८ घन इंच आकारमान आणि ३००० पीएसआय, अर्थात २०७ बार. एवढ्यात यांत्रिक सेमीवर ४०० च्या आसपास गोळ्या सुटतात. भरायला मात्र उच्च दाबाचा कॉम्प्रेसर लागतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर ८-१० बारचा असतो, तो इथे काहीच करू शकत नाही. मैदानाकडे सोय नसेल तर एअर रायफल चालवणाऱ्या नेमबाजांकडे चौकशी करा. त्यांच्याकडे २०० बारची हवा असते. तुमच्या टाकीच्या भरणनळीला बसणारा जोड मात्र तुम्हीच न्यायचा.

दोन गोष्टी काहीही झालं तरी करायच्या नाहीत. टाकीत ऑक्सिजन भरायचा नाही, वेल्डिंगवाला कितीही प्रेमाने 'हवाच तर आहे' म्हणाला तरी. आणि भरणनळीवर तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. उच्च दाबाखाली तेल आपोआप पेट घेऊ शकतं. ऑक्सिजन असेल तर प्रश्नच नाही, स्फोट होतो.

*१२ ग्रॅमची काडतुसं.* एकदा वापरून टाकून द्यायची छोटी लोखंडी काडतुसं. भरण्याची भानगड नाही, टाकी नाही. पंपावर एका काडतुसात २० ते ३० गोळ्या सुटतात, थंडीत कमी. घेताना आकार बघा: सोडा सायफनची आणि क्रीमची काडतुसं ८ ग्रॅमची असतात आणि ती इथे बसत नाहीत. क्रीमच्या काडतुसात तर गॅसही वेगळा, नायट्रस ऑक्साइड. स्वस्त मिळतात म्हणून कुणी गळ्यात मारली तर परत करा.

थोडक्यात हिशेब असा: मैदान हवा भरून देत असेल तर दोन्ही दारं उघडी आहेत. देत नसेल तर पंप आणि १२ ग्रॅमची काडतुसं, किंवा पंप आणि १३ घन इंचांची छोटी हवेची टाकी. ही छोटी टाकी हातपंपानेही भरता येते, घाम निघतो पण भरते, आणि पंपावर शंभर-सव्वाशे गोळ्या देते. ४८ घन इंचांची टाकी हातपंपाने भरायला बसलात तर त्या दिवशी खेळायचं त्राण उरणार नाही.

४. दोन्ही हातात घेऊन बघा

सेमी हातात घेताना बघण्यासारखं फार नाही. चाप फार लांब ओढावा लागतो का, खटका अडकतो का, वजन पेलतं का. टाकी आणि भरलेला हॉपर धरून दोन किलोच्या पुढे जातं. टिपमन ९८ कस्टमसारखा जुना, साधा, सुटे भाग सहज मिळणारा यांत्रिक मार्कर नवख्यासाठी पुरेसा आहे. मातीत पडला तरी फारसं बिघडत नाही आणि माळव्याची काळी माती पावसात कशी चिकटते हे तुम्हाला सांगायला नको.

पंप मात्र वेळ देऊन बघा, कारण तो हाताला जमतो किंवा जमत नाही, मधलं काही नसतं. मूठ पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे, असे सलग वीस स्ट्रोक मारा. दहाव्या-बाराव्यानंतर तुमचा स्ट्रोक आखूड होतोय का बघा. होत असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे किंवा मूठ लांब पडते. मग मार्कर खांद्याला लावून, मास्क घालून, गुडघ्यावर बसून तेच करा. पंप करताना नळीचं तोंड हलतं, आणि ते पुन्हा निशाण्यावर किती लवकर येतं यावर सगळा खेळ आहे. डावखुरे असाल तर पंपासारखं सुख नाही: मूठ बॅरलच्या खाली असल्याने डावा-उजवा असा प्रश्नच येत नाही.

काही पंपांना ऑटोट्रिगर असतो. चाप दाबून धरायचा आणि नुसती मूठ मारत राहायची, प्रत्येक स्ट्रोकला एक गोळी. पुढे मजा येते, पण शिकताना बंद ठेवा. बोट चापावर विसरलं आणि मूठ पुढे गेली की गोळी सुटते, मग समोर कोणीही असो.

फँटम किंवा एम्पायर स्नायपरसारख्या पंपांचा जुना ग्राहकवर्ग आहे, सुटे भाग मिळतात. नाव न ऐकलेला स्वस्त पंप घेतलात आणि त्याचा बोल्ट तुटला, तर सियागंजच्या लेथवाल्याकडून बनवून घेणं हाच पर्याय उरतो.

हॉपर: पंपाला ५० गोळ्यांचा छोटा, गुरुत्वाने चालणारा हॉपर भरपूर. यांत्रिक सेमीला २०० चा, शक्यतो आतून ढवळणारी मोटर असलेला.

स्पष्ट मत हवं असेल तर: महिन्यातून एक-दोनदा, मोजक्या गोळ्या विकत घेऊन खेळणाऱ्या इंदूरकराने पंप घ्यावा. गट मोठा आहे, मैदान हवा भरतं आणि गोळ्यांचा खर्च वाटून घेतला जातो, अशांनी यांत्रिक सेमी. वर्षातून तीनदा खेळणाऱ्याने काहीच घेऊ नये, फक्त चांगला मास्क घ्यावा.

मास्कवर कंजूसपणा नको. दुहेरी काचेचा, धुकं न धरणारा घ्या. काच एएसटीएम एफ१७७६ मानकाची असल्याचं लिहिलेलं हवं. मोटारसायकलचा चष्मा किंवा कारखान्यातला गॉगल चालत नाही. ३ ग्रॅमची गोळी सेकंदाला २८० फुटांच्या वेगाने येते तेव्हा तिच्यात सुमारे ११ जूल ऊर्जा असते. डोळ्याला ती पुरेशी आहे.

५. कागदपत्रं

आर्म्स रूल्स २०१६ मध्ये हवेवर चालणाऱ्या शस्त्रांसाठी दोन मापं महत्त्वाची आहेत: ०.१७७ इंचांचा व्यास आणि २० जूल ऊर्जा. पेंटबॉल मार्करची ऊर्जा २० जूलच्या बरीच आत असते, पण नळीचा व्यास ०.६८. त्यामुळे 'लायसन लागत नाही, घ्या बिनधास्त' हे दुकानदाराचं वाक्य पुरावा म्हणून धरू नका. शस्त्र परवाना शाखेत मॉडेलचं नाव, व्यास आणि ऊर्जा लिहून लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखीच घ्या. परदेशातून येणाऱ्या भावाला किंवा मेव्हण्याला 'बॅगेत टाकून आण' असं तर मुळीच सांगू नका, कस्टमच्या टेबलावर तो अडकेल आणि मार्करही जाईल.

जवळ ठेवायचे कागद:

- जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर
- मार्कर आयात केलेला असेल तर विक्रेत्याच्या आयात कागदांची प्रत
- परवाना शाखेचं लेखी उत्तर
- टाकीचं दाबचाचणीचं प्रमाणपत्र
- स्वतःचं ओळखपत्र

टाकीचे नियम वेगळे. गॅस सिलिंडर्स रूल्स २०१६ नुसार ५०० मिलीलिटरपेक्षा जास्त आणि १००० लिटरपर्यंतची धातूची बंद टाकी 'गॅस सिलिंडर' ठरते आणि तिच्यावर नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो' या स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं नियंत्रण येतं. ४८ घन इंच म्हणजे ७८७ मिलीलिटर, ही आत आली. १३ घन इंच म्हणजे २१३ मिलीलिटर. छोट्या टाकीच्या बाजूने हे आणखी एक कारण.

मार्कर नेताना बंद पिशवीत, टाकी काढलेली, बॅरलवर कापडी टोपी. लांबून तो बंदुकीसारखाच दिसतो. गच्चीवर, कॉलनीच्या बागेत किंवा रालामंडलच्या बाजूला सहलीला जाताना बाहेर काढू नका. रालामंडल अभयारण्य आहे आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत एअरगनही शस्त्रच आहे.

६. जुना घेत असाल तर

पाच मिनिटांत होणारी तपासणी आहे, तरी लोक करत नाहीत. टाकी लावा आणि दोन मिनिटं शांतपणे कान द्या. फुसफुस येते का? बॅरलच्या तोंडातून येत असेल तर व्हॉल्व्हची सील गेली आहे, टाकीच्या जोडातून येत असेल तर फक्त ओ-रिंग. बोल्टसमोरची डिटेंट, म्हणजे गोळी अडवणारी छोटी रबरी किंवा स्प्रिंगची गुंडी, बोटाने दाबून बघा, परत उसळली पाहिजे. पंपाची मूठ डावी-उजवी हलवा, थोडी हलणार, पण खडखडली तर दांड्या झिजल्या आहेत. स्क्रूंची डोकी गोल झालेली दिसली तर आधीच्या मालकाने मिलिमीटरची ॲलन की इंचाच्या स्क्रूत घातली आहे. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिलीमीटर, आणि ३ ची की तिथे बसते, पण फिरते आणि डोकं खाते. असा मार्कर आतून कसा ठेवला असेल त्याचा अंदाज यावरून येतो.

पिशवीत ठेवायची सामग्री: इंचाच्या मापाचा ॲलन की सेट, बॅरल पुसायची दोरीची स्क्वीजी, ०१५ नंबरच्या पाच-सहा ओ-रिंग, मार्करचं तेल, जुना सुती कपडा आणि बॅरलची टोपी. ०१५ म्हणजे आतला व्यास १४ मिलीमीटर, जाडी १.७८. हार्डवेअरच्या दुकानात माप सांगितलं तर काळी नायट्रिल रबराची देतील. हवेला ती चालते, पण कार्बन डायऑक्साइडमध्ये फुगते. त्यासाठी पॉलियुरेथेनची मागा.

७. पहिल्या दिवशी मैदानावर

आधी मास्क, मग टाकी. टाकी लावण्यापूर्वी खटका ओढून ठेवा, नाहीतर काही मार्कर टाकी लावताक्षणी गॅस सोडत बसतात.

गोळी आणि बॅरल जुळतात का बघा. बॅरल काढा, मागून एक गोळी टाका. सरळ घरंगळून गेली तर बॅरल सैल, फुंकूनही हलली नाही तर घट्ट. तिथेच थांबली आणि हलक्या फुंकरीने बाहेर आली की जमलं. गोळीचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या कॅप्सूलसारखं, आणि ते हवेतला ओलावा पितं. त्यामुळे फेब्रुवारीत जमलेलं माप जुलैत जमेलच असं नाही. (जिलेटिन प्राण्यांपासून बनतं आणि मास्कच्या जाळीतून थोडा रंग तोंडात जातोच. गटात कडक शाकाहारी किंवा जैन मित्र असतील तर खेळण्याआधी सांगा, नंतर नको.)

दहा गोळ्या खांद्याच्या उंचीवरून फरशीवर टाका. एक-दोनदा उसळल्या तर चांगल्या. पहिल्याच आपटीत फुटल्या तर वाळलेल्या, धप्पकन बसल्या तर ओल धरलेल्या. फ्रीजमध्ये ठेवून कडक होतात हा भ्रम आहे, बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटतं. मातीतून वेचलेली गोळी पुन्हा हॉपरमध्ये टाकायची नाही, कुणी फुकट दिली तरी. एक खडा बॅरलला कायमचा ओरखडा पाडतो.

मग क्रोनोग्राफ. बहुतेक मैदानांची मर्यादा २८० ते ३०० फूट प्रति सेकंद असते. सहा गोळ्या मारा आणि सगळ्यात जास्त आकडा मर्यादेच्या आत ठेवा, सरासरी नव्हे. वेगाचा स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा हे मार्करवर अवलंबून असतं: टिपमन ९८ मध्ये आत फिरवला की वेग कमी होतो, स्पायडरसारख्या मागे स्क्रू असलेल्यांमध्ये आत फिरवला की वाढतो. एका वेळी पाव वळसा, पुढे दोन गोळ्या, मग पुन्हा.

८. काय बिघडतं आणि का

पंपावर नवख्यांच्या दहा तक्रारींतल्या आठ अर्धवट स्ट्रोकच्या असतात. मूठ पूर्ण मागे गेली नाही तर गोळी अर्धीच खाली येते आणि बोल्ट तिला मधोमध चावतो. मूठ पुढे गेल्यावर न मारता पुन्हा मागे ओढली तर दुसरी गोळीही बॅरलमध्ये जाते आणि दोन्ही एकदम, जवळच कुठेतरी पडतात. बॅरलमध्ये गोळी असताना पंप पुन्हा मारायचा नाही. गोळी आधी मोकळ्या दिशेला मारून टाका.

नळी खाली झुकवून चालताना पंपातून गोळी घरंगळून पडत असेल तर बॅरल सैल आहे किंवा डिटेंट झिजली आहे. सेमीत बोल्ट मागे असतो तेव्हा गोळी डिटेंटमागे असते, त्यामुळे हे कमी होतं.

सेमीवर गोळ्या चावल्या जात असतील तर हॉपर मागे पडतोय आणि बोट पुढे. ढवळणाऱ्या मोटरची बॅटरी बघा, ती नसेल तर हॉपर हलवत मारा.

सेमी आपोआप धडधड गोळ्या सोडायला लागला तर घाबरू नका, नळी जमिनीकडे करा आणि बॅरलची टोपी चढवा. टाकी संपत आली की हॅमर पूर्ण मागे जात नाही, अडकत नाही आणि पुन्हा पुन्हा व्हॉल्व्हवर आपटत राहतो. टाकी भरल्यावर बरं वाटलं तर तेवढंच होतं. भरूनही तेच झालं तर सिअर, म्हणजे हॅमरला अडकवून धरणारा तुकडा, झिजला आहे.

गोळ्या अचानक डावी-उजवीकडे वळायला लागल्या तर आत कुठेतरी एक फुटली आहे. स्क्वीजी एकदा ओढा, मग कोरडा कपडा. रंग पाण्यात विरघळतो, साबणही लागत नाही, पण तसाच वाळू दिला तर तासाभराचं काम होतं.

तेल मार्करचंच घाला, मार्करच्या ज्या तोंडाला टाकी बसते त्यात (टाकीत किंवा भरणनळीत नव्हे) तीन-चार थेंब, महिन्यातून एकदा. गंज काढायचा स्प्रे ओ-रिंग खातो. आणि घरातलं खोबरेल तर नकोच: डिसेंबरच्या सकाळी बाटलीत गोठतं तसं ते व्हॉल्व्हमध्येही गोठतं.